झूमची आग थांबवण्याआधी पडीकाची वर्षं मोजा

सांगोला तालुक्यातल्या एका कृषी पदवीधर ताईंनी प्रश्न विचारला आहे. त्यांची नागालँडमधल्या एका डोंगरी गावात नेमणूक झाली आहे आणि जूनमध्ये त्या रुजू होणार आहेत. गाव दरवर्षी डोंगरउतारावरचं जंगल तोडतं, वाळवतं, जाळतं आणि त्या राखेत भात, मका टोकतं. दोन वर्षांनी ते रान सोडून पुढच्या उतारावर जातं. या फिरत्या शेतीला झूम म्हणतात. ही जाळपोळ बंद करून लोकांना कायमच्या शेतीवर आणायचं, असं वरिष्ठांनी सांगितलं आहे. ताई विचारतात, "आमचा तालुका बांधबंदिस्ती आणि डाळिंबावर उभा राहिला. तिथेही तसंच करता येईल का? जाळणं बंद कसं करू? आणि इथून जाताना काय घेऊन जाऊ?"

मी सोलापूर जिल्ह्यात मृदसंधारणाची आणि कोरडवाहू शेतीची कामं करतो. मधली बरीच वर्षं ईशान्येतल्या आणि कोकण-मावळातल्या डोंगरी गावांबरोबरही काम केलं. हे दोन्ही मुलूख जवळून पाहिल्यामुळे तुमच्या प्रश्नातली अडचण माझ्या ओळखीची आहे. उत्तर लांबेल, पण घाईने दिलेल्या उत्तरानं तिथल्या माणसांचं नुकसान होऊ शकतं, म्हणून सविस्तर लिहितो.

ताई, तुम्ही विचारलंय की जाळणं कसं थांबवू. मला वाटतं खरा प्रश्न वेगळा आहे. तोच उतार परत किती वर्षांनी तोडला जातोय, हे आधी विचारा. वीस वर्षांनी एकदा जळणारं रान आणि चार वर्षांनी जळणारं रान या दोन वेगळ्या शेती आहेत, जरी आग दोन्हीकडे सारखीच दिसत असली तरी. पहिलीत जंगल पुन्हा उभं राहतं, माती भरून निघते, तण सावलीत मरतं. दुसरीत झाडांच्या जागी नुसतं गवत आणि रानमोडीचं तण उरतं. तुमच्या वरिष्ठांना दुसरी शेती दिसते आहे आणि त्यांची काळजी चुकीची नाही. पण दोष ते आगीवर टाकताहेत आणि दोष आहे आखडत गेलेल्या पडीक काळाचा.

काही गोष्टी मला इथून सांगता येणार नाहीत, कारण त्या गावावर अवलंबून आहेत: गावाची उंची, उताराची तीव्रता, लोकसंख्येच्या मानाने झूमची जमीन किती, खोऱ्यात भातखाचरं आहेत का, आणि जमीन कुळाची, गावाची की घराची. पुढे मी जे लिहितोय ते या पाच गोष्टींवर तपासून घ्या.

आपली माती आणि तिथली माती

आपल्याकडून तिथे जाणाऱ्या माणसाने सगळ्यात आधी हे समजून घ्यायला हवं. सोलापूरची जमीन चुनखडीची, सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल किंवा विम्ल आहे ते सांगणारा आकडा) आठच्या वर. पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. आपल्या रानात राख टाकली तर सामू आणखी वाढतो, लोह आणि जस्त पिकाला मिळेनासं होतं. म्हणून उसाचं पाचट जाळणाऱ्याला आपण अडवतो, आणि ते बरोबरच आहे. पाचट कुजवलं तर सेंद्रिय कर्ब वाढतो, ओल टिकते. जाळलं तर हातात काहीच राहत नाही.

नागालँडच्या डोंगरात चित्र उलटं आहे. पाऊस अठराशे ते पंचवीसशे मिलिमीटर. हजारो वर्षं या पावसानं मातीतला चुना, मॅग्नेशियम, पालाश धुऊन नेलेला आहे. माती आम्ल, बऱ्याच ठिकाणी सामू पाचच्या आसपास. अशा मातीत अॅल्युमिनियम विरघळून मुळांना मारतं आणि स्फुरद अडकून बसतो. मग त्या डोंगरात अन्नद्रव्यं असतात कुठे? उभ्या झाडांत. जंगल जाळलं की लाकडा-पानांतला चुना, पालाश, मॅग्नेशियम, स्फुरद राखेच्या रूपात एकदम जमिनीवर येतो, सामू वर सरकतो, अॅल्युमिनियमचा त्रास काही काळ थांबतो. वरच्या थरातलं तणाचं बी जळतं. तापलेल्या मातीतून थोडं नत्र पिकाला लगेच मिळतं. खताची गोणी न पोचणाऱ्या डोंगरावर माणसाने शोधलेली ही सुपीकतेची रीत आहे, आणि ती अडाणीपणातून आलेली नाही.

किंमतही मोठी आहे, ती लपवायला नको. जळालेल्या पाल्यातलं बहुतेक नत्र आणि गंधक हवेत जातं. राख उताराच्या उघड्या मातीवर पडलेली असते, पहिल्या जोरदार पावसात तिचा बराचसा भाग ओढ्याला लागतो. म्हणून पहिल्या वर्षी भात छान येतो, दुसऱ्या वर्षी उतरतो आणि तण दुप्पट होतं. पुष्कळ गावांत रान सोडण्याचं मुख्य कारण माती थकणं नसून खुरपणी आवाक्याबाहेर जाणं हे असतं. तिथल्या बायकांना विचारा, त्या हेच सांगतील.

म्हणून वरिष्ठांना सांगा की सोलापुरात आग बंद करण्याचा जो सल्ला शंभर टक्के बरोबर आहे, तो तिथे जसाच्या तसा लागू होत नाही. आग काढायची असेल तर तिची तीन कामं, म्हणजे आम्लता कमी करणं, अन्नद्रव्य मोकळं करणं आणि तण मारणं, कशानं होणार याचं उत्तर आधी द्यावं लागेल.

पडीकाचा हिशेब

कागद-पेन घेऊन हा हिशेब गावच्या जाणत्यांबरोबर बसून करा. उदाहरणादाखल गावाकडे झूमची ६०० हेक्टर जमीन आहे असं धरा. दरवर्षी १०० हेक्टर नवीन तोडलं तर तोच तुकडा सहा वर्षांनी परत येतो. त्यातली पिकाची दोन वर्षं वजा केली तर माती आणि झाडांच्या वाट्याला चार वर्षं उरतात. तोडणी ६० हेक्टरवर आणली की चक्र दहा वर्षांचं होतं, पड आठ वर्षांची. ५० वर आणली तर पड दहा वर्षांची.

पर्यावरणशास्त्रज्ञ पी. एस. रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेघालयात ३०, १० आणि ५ वर्षांच्या झूम चक्रांची तुलना केली होती. त्यातून निघालेला मुद्दा असा की चक्र दहा वर्षांच्या खाली गेलं की उत्पन्न आणि माती दोन्ही घसरायला लागतात. माझा स्वतःचा अनुभवही याला धरूनच आहे. आकडा दगडावरची रेघ नाही, चांगली झाडं असतील तर सात-आठ वर्षांतही रान भरतं. पण पाचाच्या खाली गेलेलं गाव वाचवणं फार अवघड होतं.

या हिशेबातून तुमचं काम स्पष्ट होतं. गावाला आग बंद करायला सांगायचं नाही. दरवर्षी नव्याने तोडायच्या १०० हेक्टरांचे ६०-७० कसे होतील आणि तरी प्रत्येक घराची कोठी भरलेली कशी राहील, हे शोधायचं. हा प्रश्न गावकऱ्यांना पटतो, कारण लांबच्या उतारावर जंगल तोडायला जाण्याचं कष्टाचं काम त्यांनाही कमी हवं असतं. आग बंद करा म्हणणाऱ्या माणसाला ते चहा पाजतात, मान डोलावतात आणि मार्चमध्ये रान पेटवतात.

तोडणी कमी करायच्या वाटा मला चार दिसल्या. दुसऱ्या वर्षाचं पीक सुधारायचं. माती उतारावरून जाऊ द्यायची नाही. पडीक काळातच उत्पन्न मिळवायचं. आणि खोऱ्यात पाणी असेल तर भातखाचरं वाढवायची. शेवटची वाट अंगामी आणि चाखेसांग गावांत पूर्वीपासून आहे, ओळीने पायऱ्यांची खाचरं दिसतील. पण ती पाणी आणि खोल माती असेल तिथेच. कोरड्या तीव्र उतारावर पायऱ्या कोरल्या तर वरची काळी माती खाली गाडली जाते, खालचा पिवळा मुरूम वर येतो आणि वर्षानुवर्षं काही पिकत नाही.

पड म्हणजे वाया गेलेली जमीन नव्हे

सरकारी नोंदीत अशा जमिनीला पडीक किंवा नासलेलं जंगल लिहितात आणि इथून सगळा गोंधळ सुरू होतो. आपल्याकडे विण्याआधी दोन महिने गाभण म्हैस आटवतात. तेव्हा ती दूध देत नाही म्हणून तिला कोणी निकामी म्हणत नाही, उलट पेंड चारतात, कारण पुढच्या वेताचं दूध त्या दोन महिन्यांवर ठरतं. पडीक उताराकडे असंच बघायला हवं. त्याला पेंड चारायची, म्हणजे रान सोडून जाताना तिथे चांगली झाडं ठेवून जायचं.

कोहिमा जिल्ह्यातलं खोनोमा गाव यासाठी मुद्दाम बघून या. अंगामी शेतकरी तिथे पिढ्यान्‌पिढ्या उतारावर अल्डरची झाडं राखतात. हे झाड शेंगवर्गीय नाही, तरी त्याच्या मुळांवरच्या गाठींत फ्रँकिया नावाचे सूक्ष्मजीव हवेतलं नत्र धरतात. पिकाच्या आधी झाड मुळापासून न तोडता जमिनीपासून काही फुटांवर छाटतात. फांद्या सरपणाला जातात, उरलेला पाला-काटक्या रानात जळतात किंवा कुजतात. बुंध्याला पुन्हा धुमारे फुटतात, त्यातले मोजके ठेवतात. अशा रानात साधारण चार वर्षांच्या चक्रात दोन वर्षं पीक घेता येतं. म्हणजे चक्र छोटं, तरी माती टिकलेली. आपण उसाचा खोडवा राखतो, तसा ते झाडाचा खोडवा राखतात, आणि तोही कितीतरी दशकं.

पण अल्डर साधारण हजार मीटरच्या वरच्या थंड डोंगरात रमतो. गाव खाली असेल तर मोन जिल्ह्यातल्या कोन्याक शेतकऱ्यांकडे बघा. ते पडीक रानात मॅकरांगा नावाचं झपाट्याने वाढणारं झाड राखतात. त्याचा पाला भरपूर गळतो, सावली लवकर धरते, तण मरतं. प्रत्येक पट्ट्यात असं एखादं स्थानिक झाड असतंच. ते कोणतं, हे म्हाताऱ्या शेतकऱ्याला एकच प्रश्न विचारून कळतं: कुठलं झाड वाढलेलं रान तोडलं की भात चांगला येतो? आपल्याकडे हरभऱ्याची किंवा ताग गाडलेल्याची बेवड, म्हणजे आधीच्या पिकाचा पुढच्या पिकावर होणारा परिणाम, चांगली म्हणतात, तशी त्यांची झाडांची बेवड ठरलेली असते.

इथे एक सावधगिरी. सुबाभूळ आपल्याकडे चुनखडीच्या जमिनीत जोमाने येते आणि तिचा पाला ज्वारीला देण्याची शिफारस सोलापूरच्या कोरडवाहू संशोधनातूनच झालेली आहे. म्हणून आपल्या माणसाच्या मनात पटकन तीच येते. आम्ल मातीत सुबाभूळ खुरटते. गिरिपुष्प थोडं जास्त सोसतं, पण फार उंचावर तेही नाही. उतारावरच्या जिवंत कुंपणासाठी ईशान्येत टेफ्रोसिया आणि फ्लेमिंजिया ही शेंगवर्गीय झुडपं जास्त भरवशाची आहेत.

आता तोडणीची पद्धत. यात एक रुपया खर्च नाही आणि फायदा सगळ्यात मोठा आहे. खुंट गुडघ्याच्या वर ठेवा. मुळं उकरू नका. मोठी बी देणारी झाडं अंतराअंतरावर उभी ठेवा. लोक हे पूर्वापार करतात, पण चक्र आखडलं आणि मजुरीने तोडणी सुरू झाली की खुंट जमिनीलगत जातात. रान सोडल्यावर जंगल बियांपासून फार कमी उगवतं, बहुतेक सगळं या खुंटांच्या फुटव्यातून येतं. खुंट मेले की तिथे फक्त गवत येतं, आणि गवत दर उन्हाळ्यात पेटतं. मग झाडं परत येतच नाहीत. झूमचं रान कायमचं बिघडतं ते इथे.

उतारावरची माती

सांगोल्याची बांधबंदिस्ती तुमच्या मनात आहे. आपल्या जिल्ह्यात समपातळी बांधांचं काम १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्यानंतर मोठ्या प्रमाणावर झालं. हलक्या आणि मध्यम जमिनीत त्यानं फार चांगलं केलं. खोल काळ्या रानात मात्र बांधाच्या वरच्या अंगाला पाणी साचून पीक पिवळं पडलं आणि उन्हाळ्यात भेगा पडून बांध फुटले. एकाच जिल्ह्यात, एकाच पावसात, फक्त माती बदलल्यामुळे तेच काम कुठे लाभलं, कुठे बाधलं.

मग दोन हजार मिलिमीटर पावसाच्या, छातीवर येणाऱ्या उतारावर मातीचा बांध काय करेल? तो पाणी अडवेल, ते पाणी डोंगरात मुरेल, आणि भिजून जड झालेला उतार खाली सरकेल. आपल्याकडे पाण्याचा थेंब न्‌ थेंब अडवणं हे ध्येय असतं. तिथे पाण्याला सावकाश वाट द्यायची आणि माती तेवढी मागे ठेवायची, असं ध्येय धरा.

त्यासाठी गाळणीसारखी आडवी ओळ लागते. तोडणीत पडलेले, न जळालेले ओंडके आणि बांबू समपातळीत आडवे टाकून खुंटांना टेकवायचे. नागालँडमध्ये बऱ्याच ठिकाणी हे करतातच, फक्त ओळी विरळ आणि अंदाजाने असतात. ओंडक्याच्या वरच्या अंगाला झुडपांचं बी दाट पेरायचं. दोन-तीन वर्षांत ओंडका कुजतो, तोवर झुडूप जागा घेतं. फिलिपिन्समधल्या मिंदानाओ बेटावर हॅरल्ड वॉटसन यांच्या केंद्राने १९७० च्या दशकात ही रीत शेतकऱ्यांबरोबर नीट बसवली. नत्र धरणाऱ्या झुडपांच्या दुहेरी ओळी चार ते सहा मीटरवर, मध्ये पिकं, आणि ओळी छाटून पाला पिकाच्या पट्ट्यात टाकायचा. वॉटसन यांना १९८५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रीत चांगली आहे, पण छाटणीला मजूर लागतात. ज्या घरात काम करणारे दोनच हात आहेत तिथे ओळी दाट होऊन पिकावर सावली पडते. म्हणून सुरुवात आठ-दहा मीटरवरच्या ओळींनी करा.

समपातळी काढायला महागडं यंत्र नको. सात फुटांच्या दोन काठ्या टोकाला बांधा, मध्ये आडवी काठी, टोकावरून ओळंबा सोडा. दोन पाय दोन ठिकाणी टेकवून दोरी आडव्या काठीवर जिथे येते तिथे खूण करा, पाय अदलाबदल करून पुन्हा खूण करा. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये दोरी आली की दोन्ही पाय समपातळीत. शाळेतली पोरंही हे अर्ध्या तासात शिकतात.

पिकं

पहिल्या वर्षीच्या पिकात हात घालू नका. भात, मका, राळं, जॉब्स टिअर्स नावाचं भरड धान्य, मिरची, अळू, भोपळा, घेवडे, काकडी, तीळ असं सगळं एका रानात असतं, आणि पेरणीची, काढणीची क्रमवारी बायकांच्या डोक्यात पक्की असते. जमीन सतत झाकलेली राहते, एक पीक गेलं तरी दुसरं हाती लागतं. सुधारणेच्या नावाखाली त्यातलं एकच पीक ओळीत लावायला सांगणं म्हणजे त्यांचा विमा काढून घेणं.

दुसऱ्या वर्षी मात्र शेंगवर्गीय पिकं वाढवायला भरपूर वाव आहे. राइसबीन, ज्याला तिथे नागा डाळ म्हणतात, आणि तूर. झूमच्या रानात तूर जुनीच आहे, पण बरेचदा कडेला. ती दुसऱ्या वर्षी आडव्या ओळींत आणली तर नत्र, पालापाचोळा, जळण आणि डाळ, चारही मिळतं. रान सोडल्यावरही वर्षभर उभी राहते आणि तणाला सावलीत दाबते. सोलापूरच्या माणसाला तूर कळते, त्यामुळे इथे तुमचा सल्ला नक्की उपयोगी पडेल. फक्त वाण त्यांचाच ठेवा.

आपल्या सह्याद्रीतही अशी क्रमवारी आहे. कोकण-मावळातल्या वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या, जमिनीवर पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, मग कारळे किंवा हरीक, आणि नंतर काही वर्षं पड. मातीची ताकद उतरेल तसं कमी मागणारं पीक. तिथल्या लोकांना हे सांगितलंत तर दूरच्या मुलखातही आपल्यासारखी माणसं आहेत हे त्यांना आवडतं, आणि गप्पा मोकळ्या होतात.

फळबागेबद्दल

डाळिंबाने सांगोल्याला किती दिलं हे मी पाहिलं आहे. पुढे तेल्या रोगाने आणि नंतर खोडाला भोकं पाडणाऱ्या किडीने किती बागा उपटाव्या लागल्या हेही आपण दोघं जाणतो. आपल्याकडे बाग गेली तर बाजारातून ज्वारी आणता येते, बँक आहे, रस्ता आहे. डोंगरातल्या गावाने सगळी झूम मोडून एकाच झाडाखाली घातली आणि भाव पडला, तर खायला काय? रबर आणि तेलपामाच्या सलग लागवडीबद्दल माझा विरोध यासाठीच आहे. हिशेबाच्या वहीत ते जंगल दिसतं, पण गावाची पडीकाची जमीन कायमची अडकते आणि उरलेल्या उतारांवर चक्र आणखी आखडतं. ही दुसरी बाजू कोणी मोजत नाही.

पडीकाला जोड देणारं नगदी पीक वेगळं. अल्डरच्या सावलीत मोठी वेलची, कडेला केरसुणीचं गवत, पडीकात बांबू, मध. यात झाडं उभी राहतात, घराला रोख मिळतो आणि रान लवकर तोडायची घाई कमी होते. बाजारपेठ मात्र आधी बघा, मग लागवड.

न जाळता तोडलेला पाला आच्छादन म्हणून ठेवण्याची रीतही आहे. होंडुरासच्या डोंगरात केसुंग्वाल नावाने ती चांगली रुजली. तिथे झाडं छाटून पाला तसाच पसरतात आणि त्यातून मका-घेवडा टोकतात. नागालँडच्या जास्त आम्ल मातीत ती पहिल्या वर्षी राखेइतकं पीक देईल असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या वर्षीच्या रानात, जिथे राखेचं काम होऊन गेलंय, तिथे तणाचा पाला न जाळता आच्छादन करणं जमतं. तो तुकडा तुम्ही सहज करून बघू शकता.

आग लावायची तेव्हाची काळजी थोडक्यात: रानाभोवती तीन-चार मीटरचा पट्टा झाडून साफ, शेजारच्या गावाला आदल्या दिवशी निरोप, वारा पडल्यावर, आणि पेटवायचं वरच्या बाजूने, म्हणजे आग सावकाश खाली उतरते.

जमीन कुणाची

हे शेवटी लिहितोय, पण काम इथेच अडतं. घटनेच्या ३७१-अ कलमामुळे नागालँडमध्ये जमिनीची मालकी आणि व्यवहार रूढीप्रमाणे चालतात. बहुतेक झूमची जमीन गाव, कुळ किंवा घर यांच्या ताब्यात आहे आणि यंदा कुठला डोंगर तोडायचा हे सहसा सामूहिक ठरतं. ही त्या लोकांची फार मोठी ताकद आहे, कारण तोडणी १०० वरून ६० वर आणायचा निर्णय एका बैठकीत होऊ शकतो. इतर राज्यांत असं झालेलं नाही. १८९० मध्ये इंग्रजांनी मध्य प्रांतातल्या बैगा आदिवासींना बेवार शेतीसाठी, म्हणजे त्यांच्या झूमसाठी, एक ठरावीक पट्टा नेमून दिला आणि बाकी जंगलातून ही शेती हटवली. आपल्या रायगडच्या डोंगरातही कातकरी-ठाकरांच्या दळी जमिनींचा, म्हणजे जंगलातल्या कसायच्या तुकड्यांचा, हक्क पिढ्यान्‌पिढ्या लोंबकळत राहिला. आपली जमीन कधीही जाईल अशी भीती असलेला माणूस दहा वर्षांनी वापरायचं झाड लावत नाही. २०१८ मध्ये नीती आयोगाच्या कार्यगटाने झूमची जमीन ही जंगल न समजता कृषिवनशेतीची जमीन समजावी असं सुचवलं. तुमच्या वरिष्ठांना हे दाखवा, बोलणं सोपं जाईल.

वरच्या सगळ्यातलं कुठून सुरू करायचं? तुम्ही जूनमध्ये पोचताय, म्हणजे पहिली खुरपणी चालू असेल. पहिले चार महिने रानात जा, खुरपं हातात घ्या, आणि चालू रान मागे कधी तोडलं होतं ते प्रत्येक घरी विचारून लिहा. ऑक्टोबरपर्यंत गावाचं खरं चक्र तुमच्या वहीत असेल. डिसेंबरला नवी तोडणी सुरू होण्याआधी तो हिशेब बैठकीत मांडा, आणि त्या हंगामात फक्त तीन गोष्टी मागा: खुंट उंच ठेवणं, ओंडके आडवे टाकणं, आणि पाच-सहा तयार घरांच्या दुसऱ्या वर्षाच्या रानात तुरीच्या ओळी. बाकी सगळं दुसऱ्या वर्षी.

इथून न्यायचं काय, असं विचारलं होतंत. बियाणं नको. मालदांडी काळ्या रानातल्या ओलीवर वाढलेली ज्वारी आहे, त्या पावसात तिला बुरशी लागेल, आणि सुबाभळीचं वर लिहिलंच आहे. सामू मोजायच्या पट्ट्या, जाड वही, उन्हा-पावसाला टिकणारे बूट आणि गवंड्याचा ओळंबा घ्या. काठ्या बांबूच्या तिथेच मिळतील.